बोटांचें दरपत्रक

पांचही बोटें सारखीं नसतात, ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. दोन भावांपैकीं एक बुद्धिमान आणि दुसरा यथातथा निघाला म्हणजे आईबाप तिचा आधार घेतात. ही म्हण शब्दशः व्यवहारांत आणण्याचें श्रेय मात्र कायद्याकडे जातें. कामावर असतांना मजुराची तर्जनी समूळ तुटली तर त्याची कमाईची शक्ति शेंकडा १४ नें घटली असें कायदा धरून चालतो; मधलें बोट गेलें तर १२ नें; अनामिका किंवा करंगळी गेली तर ७ नें; आणि अंगठा गेला तर ३० नें. हाड शाबूत राहून बोटाचें नुसतें टोक उडालें असेल तर तर्जनीचे ५, मधल्या बोटाचे ४ आणि उरलेल्या दोहोंपैकीं कोणत्याही एकाचे २. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टांत वेळोवेळीं दुरुस्त होत होत हा तक्ता सिद्ध झाला, १९४८ च्या राज्य कामगार विम्याच्या कायद्यानें तो आपलासा केला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी सामाजिक सुरक्षा संहिता अमलांत आली तिच्यांतही तो आहेच.

जिज्ञासु वाचकांनीं या तक्त्यांतील आंकड्यांची थोडी बेरीज करून पाहावी. एका हाताचीं चारही बोटें गेलीं तर शेंकडा ५०, अंगठा गेला तर ३०. तेव्हां अंगठ्यासकट पांचही गेलीं तर ८० व्हावेत. तक्ता म्हणतो, ६०. किरकोळीपेक्षां घाऊक मालाला भाव कमी, हा बाजाराचा नियम मनुष्याच्या पंजालाही लागू झालेला पाहून तक्त्याच्या कर्त्यांविषयीं आम्हांस कौतुक वाटलें.

असा तक्ता असूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो नसता तर प्रत्येक तुटक्या बोटासाठीं मजुराला वकील करावा लागला असता आणि वकिलाची फी बोटाच्या किंमतीहून अधिक झाली असती. तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेंही न्यायालयांनीं सांगितलें आहे. एका सिनेमागृहांत नक्षीकाम करतांना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणें ती अंशतः हानि होती. पण एका हाताचा सुतार हा सुतारच नव्हे, सबब त्याची कमाईची शक्ति संपूर्ण गेली, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७५ च्या डिसेंबरांत कायम केला. आमची तक्रार निराळी आहे. ज्या देशानें बोटाची किंमत इतक्या बारकाईनें, पेरापेरानें ठरविली, त्या देशांत दर वर्षीं किती बोटें तुटतात याची भरंवशाची मोजणी मात्र होत नाहीं. दरपत्रक आहे, खातेवही नाहीं. आणि ज्या मालाची खातेवही नसते तो चोरीस गेला तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे, आणि इंद्रायणी ओलांडून नाशिकच्या रस्त्यानें पुढें गेलें कीं चाकण आणि म्हाळुंगे, हा पट्टा पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांस समजावून सांगावा असा राहिलेला नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि मागाहून मोटारींचे, दुचाक्यांचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने एकामागून एक आले. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा मुलगा, जांवई किंवा सून तेथें नोकरीस असेल. पण या मोटारींच्या राज्यांत लाकूड कापणाऱ्यांचीही एक जमात आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. इंजिनाचा एखादा भाग परदेशीं पाठवावयाचा तर त्याला लाकडाचें खोकें लागतें, आणि खोक्याखालीं उचलयंत्राचे दांडे शिरतील अशी लाकडाची बैठक लागते. तिला तिकडे पॅलेट म्हणतात. हीं खोकीं आणि हीं पॅलेटें पत्र्याच्या शेडांत तयार होतात. बाहेर पाईनच्या फळ्यांची रास. आंत एक पट्ट्याची करवत, एक-दोन गोल करवती, एखादें रंधा मारण्याचें यंत्र, हवेच्या दाबानें खिळे मारणारीं पिस्तुलें, आणि पायाचा घोटा बुडेल एवढा भुसा. काम करणारे कोणी मराठवाड्यांतले, कोणी बिहार आणि उत्तर प्रदेशांतले. सहा माणसें, आठ माणसें. फार झालीं तर पंधरा. मोठ्या कारखान्याच्या दारावर 'इतके दिवस अपघाताविना' असा फलक झळकत असतो. त्या फलकाच्या हिशेबांत हें शेड येत नाहीं, जरी त्या कारखान्याचा माल याच शेडांतल्या लाकडावर बसून समुद्र ओलांडतो.

या लाकडाविषयीं जगानें घेतलेली काळजी पाहण्यासारखी आहे. खोक्यांच्या लाकडांतून किडे एका देशांतून दुसऱ्या देशांत जातात आणि तेथलीं अरण्यें नासवितात, म्हणून २००२ सालीं आंतरराष्ट्रीय वनस्पति-संरक्षण कराराखालीं एक मानक ठरलें. परदेशीं जाणाऱ्या खोक्याचें लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णतेनें निदान ३० मिनिटें तापलें पाहिजे, किंवा त्याला ठरलेल्या औषधाची धुरी मिळाली पाहिजे. आणि तसें झाल्याची खूण म्हणून गव्हाच्या ओंबीचें चित्र व तें काम करणाऱ्याचा क्रमांक त्यावर उमटविलेला पाहिजे. खूण नसेल तर पलीकडच्या बंदरावर माल अडतो. नियम चांगला आहे आणि तो पाळला जातो. कारण लाकडांत किडा जिवंत नाहीं अशी शाश्वति मागणारें गिऱ्हाईक आहे, ती देणारी यंत्रणा आहे, आणि न दिल्यास पदरचें नुकसान आहे. तीच फळी चिरतांना कोणाचें बोट गेलें नाहीं, ही शाश्वति कोणी मागत नाहीं, म्हणून कोणी देत नाहीं. किड्याच्या मरणाची जेवढी नोंद त्या फळीवर होते तेवढी मजुराच्या बोटाची होत नाहीं.

आतां करवतीकडे वळूं. बारा इंच व्यासाचें पातें मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलें तर त्याच्या दांत्यांचा वेग ताशीं सुमारें १७० किलोमीटर भरतो. डोळ्यानें धोका पाहून हात मागें घेण्यास मनुष्याला सेकंदाचा पांचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यांत पातें दहा वेळां फिरून गेलेलें असतें. त्यांतून लाकूड लहरी. ओल्या किंवा अंगांत ताण धरलेल्या फळीची चीर पात्याच्या मागें मिटूं लागते, मागचे दांते तिला पकडतात आणि फळी कापणाऱ्याच्या अंगावर उसळून येते. फळी निसटली कीं तिच्यावर दाब देणारा हात त्याच क्षणीं पुढें जातो, आणि पुढें पातें असतें. यावर उपाय शोधण्यास नवी विद्या नको आहे. पात्याच्या मागें, चिरेच्या रेषेंत, एक पोलादी पाचर उभी करावी, म्हणजे चीर मिटत नाहीं. पात्यावर खालीं-वर होणारें झांकण असावें. आणि फळीचें शेवटचें टोक हातानें न ढकलतां खांच पाडलेल्या काठीनें ढकलावें. इंग्लंडांत लाकूडकामाच्या यंत्रांचे असे नियम १९२२ सालींच झाले. आपल्याकडे १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठीं स्वतंत्र परिशिष्टच होतें. काठीला तर पैसाही पडत नाहीं. लाकडाच्या शेडांत तुकड्यांचा तोटा तो काय? तरी ती काठी नसते. काठीनें ढकलल्यास दिवसाकाठीं कांहीं फळ्या कमी निघतात, आणि जेथें मजुरी नगावर आहे तेथें मजूर स्वतःच ती काठी फेकून देतो.

भिंतीवर मात्र 'हातमोजे घाला' असा फलक हटकून आढळतो. फिरत्या पात्याजवळ हातमोजा घालणें हें उघड्या हातापेक्षां वाईट. दांते मोज्याचें कापड पकडतात आणि बोटाबरोबर सबंध हात आंत ओढतात. फलक लावणारानें करवत कधीं चालविलेली नसावी.

बोट पात्याला टेकतांक्षणीं सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांत पातें थांबविणारी युक्ति अमेरिकेंत १९९९ सालीं निघाली. त्या श्रीमंत देशांतही वर्षाला सुमारें तीस हजार माणसें अशा करवतींनीं जखमी होतात असें तेथील सरकारी आयोगानें सांगितलें, तरी ती युक्ति सर्व करवतींस सक्तीची करण्याचें प्रकरण वर्षानुवर्षें रेंगाळलें. आम्ही चाकणच्या शेडासाठीं ती मागत नाहीं. आम्ही १९२२ ची पाचर मागत आहों.

यावर आमच्या मध्यमवर्गांतील सज्जनांचें एक ठराविक उत्तर असतें: हे लोक फार निष्काळजी असतात हो! हें वाक्य आम्हीं इतक्या ठिकाणीं आणि इतक्या सारख्या स्वरांत ऐकलें आहे कीं तें कोठें तरी छापून वाटलें जात असावें असा संशय येतो. निष्काळजीपणा कोणाच्या अंगीं नाहीं? घरची गृहिणी विळीवर भाजी चिरतांना शेजारणीशीं बोलते, बोट कापतें, ती त्यावर हळद दाबते आणि उरलेली भाजी चिरून टाकते. शेडांतला मजूर बारा तासांच्या पाळीच्या अखेरीस, सकाळपासूनची कितवी फळी हें विसरून, क्षणभर तसाच दुसरीकडे पाहतो. अपराध एकच, एकीला हळद आणि दुसऱ्याला शेंकडा १४. मनुष्य चुकणारच हें धरून यंत्र उभारलें पाहिजे, ही कांहीं आमची नवी कल्पना नव्हे. ब्रिटनच्या लॉर्डांच्या सभागृहापुढें १९५५ सालीं जॉन समर्स नांवाच्या पोलादी कारखान्याचा खटला चालला. सहाणेच्या फिरत्या चाकाला लागून एका कामगाराचा अंगठा जखमी झाला होता. चाक पूर्ण झांकलें तर त्याचा उपयोगच करतां येणार नाहीं, अशी कारखान्याची सबब होती. न्यायाधीशांचें उत्तर असें कीं, तसें असेल तर त्या यंत्राचा उपयोग कायद्याला धरून करतां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमानें यंत्राच्या धोक्याच्या भागांस कुंपण घालण्याची आज्ञा केली होती, ती याच जातीची होती. मजूर सावध असल्यास कुंपण नको, असें तिच्यांत कोठेंही म्हटलेलें नव्हतें.

खंडेनवमीला याच करवतीला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू वाहिलें जातें, तिच्यापुढें नारळ फुटतो. त्या दिवशीं ती बंद असते, म्हणून माळ घालणाराचीं बोटें शाबूत राहतात.

निष्काळजीपणाच्या या वाक्याला कायद्याचाही आधार आहे, हें सांगितलें पाहिजे. १९२३ च्या कायद्यानें मालकाला तीन पळवाटा ठेवल्या होत्या: मजूर दारू प्यालेला असला, त्यानें सुरक्षेची स्पष्ट आज्ञा जाणूनबुजून मोडली, किंवा यंत्राचें झांकण जाणूनबुजून काढलें, तर मालक भरपाईस बांधलेला नाहीं. मृत्यु आला किंवा मजूर कायमचा पूर्ण पंगु झाला तर या पळवाटा बंद. म्हणजे त्या उघड्या राहिल्या त्या नेमक्या एका-दोन बोटांसाठीं. त्यामुळें जें झांकण कधीं बसविलेंच नव्हतें तें मजुरानें काढून ठेवलें, असें सांगण्याची सोय झाली.

आतां मजुराला विम्याचें छत्र आहे असें धरूं. महिना १५,००० रुपये मिळविणाराची दिवसाची सरासरी ५०० रुपये. विम्याच्या हिशेबानें तिचे शेंकडा ९० म्हणजे ४५०, आणि तर्जनी समूळ गेली तर त्याचे शेंकडा १४ म्हणजे रोजचे ६३ रुपये. चाकणच्या चौकांत दोघांचा चहा आणि वडापाव. हे पैसे जन्मभर मिळतात, आणि ज्यांना मिळतात त्यांना ते थोडे असले तरी नकोसे नसतात. ही योजना मोडावी असें म्हणणारा मजुराचा वैरीच समजला पाहिजे. पण तिच्या पोटांत एक गोम आहे. मालकाची वर्गणी वेतनाच्या शेंकडा सव्वातीन. ज्याच्या शेडांत दहा बोटें गेलीं आणि ज्याच्या शेडांत एकही गेलें नाहीं, दोघांची सारखीच. मोटारीच्या विम्यांत अपघात न करणारास पुढच्या वर्षीं हप्त्यांत सूट मिळते, हें आमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. बोटाच्या विम्यांत ती नाहीं. शिवाय विमा आहे म्हणून मालकावर निराळी फिर्याद करतां येणार नाहीं, असें १९४८ च्या विमा-कायद्याच्या ५३ व्या कलमानें ठरविलें होतें. पाचर बसवावयाची तर खर्च मालकाचा. बोट गेलें तर खर्च सर्वांच्या वर्गणींतून. असा हिशेब ज्याच्यापुढें मांडलेला आहे तो पाचर कां बसवील?

आणि छत्र नेहमीं असतेंच असें नाहीं. सेफ इन इंडिया नांवाची एक संस्था २०१९ पासून मोटारउद्योगांतील मजुरांच्या अपघातांवर 'क्रश्ड' या नांवाचे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. तिचें काम गुरुग्राम-मानेसरच्या बाजूस सुरू झालें. करवतीपेक्षां तिनें पाहिलीं तीं विशेषतः पत्रा दाबून आकार देणारीं यंत्रें, ज्यांना कामगार पॉवर प्रेस म्हणतात. भोसरी-तळवड्याच्या गाळ्यांतून हींच यंत्रें रात्रंदिवस धडधडत असतात, आणि करवतीचीं तीं सख्खीं भावंडें आहेत: एक कापतें, दुसरें चेंगरतें. त्या अहवालांत पुन्हा पुन्हा एक मासलेवाईक गोष्ट आढळते. पुष्कळ मजुरांचें विम्याचें कार्ड अपघात झाल्यानंतर काढलेलें होतें. कायद्याप्रमाणें तें कामावर रुजू होतांच निघावयास हवें. म्हणजे मजूर नोकरीस लागल्याची पहिली सरकारी नोंद कागदावर चढली ती त्याचें बोट पडल्यावर.

मोजणीची गोष्ट यापुढें पाहूं. केंद्र सरकारच्या कारखाना-सल्ला खात्यानें गोळा केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०१७ ते २०२० या चार वर्षांत देशांतील नोंदलेल्या कारखान्यांत रोज सरासरी तीन माणसें मेलीं आणि अकरा जखमी झालीं. एका मृत्यूमागें चार जखमीही नाहींत. ब्रिटनमध्यें २०२२-२३ या वर्षीं सर्व प्रकारच्या कामांवर मिळून १३५ माणसें मेलीं आणि मालकांनीं सरकारला कळविलेल्या जखमींची संख्या ६०,६४५ होती; एका मृत्यूमागें साडेचारशें. दोन्ही देशांच्या मोजण्या एकाच मापाच्या नाहींत, हें आम्हांस कबूल आहे. तरी चार कोठें आणि साडेचारशें कोठें! आमच्या करवती एक तर जीवच घेतात, नाहीं तर माणसाला सोडून देतात, असें मानावें लागेल. किंवा मेलेला मनुष्य लपवितां येत नाहीं आणि तुटलेलें बोट लपवितां येतें, हें तरी मान्य करावें लागेल. ८ डिसेंबर २०२३ रोजीं तळवड्यास वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाज्या तयार करणाऱ्या एका शेडाला आग लागली. त्या दिवशीं सहा जीव गेले, पुढील दिवसांत रुग्णालयांत आणखी गेले. बहुतेक स्त्रिया होत्या. तेव्हां कोठें सगळ्या शहराला कळलें कीं असें एक शेड तेथें होतें. बोटानें वर्तमानपत्र जागें होत नाहीं. तें पुडींत बांधून मजूर दवाखान्यांत येतो, करवतीचें काम असल्यानें मधलें हाड भुसा होऊन गेलेलें असतें, म्हणून तें जोडणेंही पुष्कळदां साधत नाहीं. आठ दिवसांनीं पट्टी बांधलेला मजूर गांवीं जातो आणि त्याच्या जागीं दुसरा उभा राहतो.

सरकारचे डोळे या शेडांपर्यंत पोंचत नाहींत, याचें कारण कायद्यांतल्या एका संख्येंत आहे. हिंदुस्थानांत पहिला कारखाने कायदा १८८१ सालीं झाला. मुंबईस सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं त्यासाठीं खटपट केली होती. तो कायदा शंभर माणसांच्या कारखान्यांस लागू होता. यंत्रांस कुंपण घाला आणि अपघात कळवा, हीं दोन्ही कलमें त्याही वेळीं त्यांत होतीं. १८९१ सालीं शंभराचे पन्नास झाले, १९२२ सालीं पन्नासाचे वीस, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं, वीज किंवा वाफ वापरणाऱ्या ठिकाणीं, दहा. शंभर, पन्नास, वीस, दहा: सदुसष्ट वर्षें ही संख्या उतरत होती, आणि प्रत्येक पायरीला कायदा एकेक लहान शेडाच्या दाराशीं येत होता. नव्या संहितेनें कारखान्याच्या व्याख्येंत ती पुन्हा वीस केली आहे. दहा मजुरांच्या आस्थापनेस संहितेचीं सामान्य कलमें लागू आहेत हें खरें. गंभीर दुखापतीस कारण होणाऱ्या कसुरीचा दंड निदान दोन लाखांवर नेला आहे आणि त्याचा अर्धा तरी भाग जखमी मजुरास देववितां येतो, हेंही खरें, व याबद्दल आम्ही संहिताकारांस धन्यवाद देतों. जुन्या कायद्यांत अशा प्रसंगीं दंडाची खालची मर्यादा पांच हजार होती. परंतु कारखाना या शब्दाच्या उंबरठ्यावर आपण १९२२ सालीं होतों तेथें येऊन उभे राहिलों, ही गोष्ट कोणत्याही धन्यवादानें झांकत नाहीं. मजूर मोजतांना कायदा डोकीं पाहतो. करवत डोकीं पाहत नाहीं. आठ माणसांच्या शेडांतलें पातें आठशें माणसांच्या कारखान्यांतल्या पात्याइतक्याच वेगानें फिरतें.

निरीक्षकाचेंही नांव बदललें आहे. तो आतां निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता झाला. सुविधा कोणाची करावयाची, हें नांवांत सांगितलेलें नाहीं. लहान धंद्यांस सरकारी जाच नको, हें आम्हांसही पटतें. पण पाचर आहे कीं नाहीं हें पाहणें जर जाच असेल तर बंदरावर किड्याचा शिक्का पाहणें हाही जाचच म्हटला पाहिजे. माणसें कमी आहेत, शेडें अगणित आहेत, कोठें कोठें जावें, अशी खात्याच्या वतीनें कोणी तक्रार करील. २०२५ च्या फेब्रुवारींत पिंपरी-चिंचवड महापालिकेनें कुदळवाडी-चिखलीचीं भंगाराचीं आणि दुसरीं हजारों शेडें थोड्याच दिवसांत जमीनदोस्त केलीं. तीं पाडणें योग्य कीं अयोग्य, हा वाद येथें नको. पाडावयाचीं ठरल्यावर एकूणएक शेड सांपडलें, एवढेंच आमच्या कामाचें आहे.

१८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति या मागण्या सर्वांना आठवतात. त्यांच्याच जोडीला आणखी एक मागणी होती: गिरणींत काम करतांना मजूर जबर जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य सोय करावी. रविवारची सुटी आम्ही सुशिक्षितही घेतों, म्हणून ती टिकली. दुसरी मागणी ज्यांची होती त्यांच्याकडेच राहिली.

शेवटीं शेडाच्या मालकाकडे येऊं. कारण आतांपर्यंतच्या लिखाणावरून तोच खलपुरुष आहे असा वाचकांचा ग्रह होण्याचा संभव आहे. पुष्कळदां तो पूर्वींचा सुतारच असतो, आणि क्वचित् त्याच्याच हाताला चार बोटें असतात. एका पॅलेटमागें त्याला किती मिळावें हें तो ठरवीत नाहीं. तें ठरवितें मोठ्या कारखान्याचें खरेदी-खातें. दर वर्षीं तें खातें त्याला बोलावून आणखी दोन रुपये कमी करावयास लावतें, आणि तो नाहीं म्हणाला तर पलीकडच्या शेडांत आणखी स्वस्त देणारा बसलेलाच असतो. पाचर, झांकण, काठी आणि कमी वेगाची पाळी, हे सगळे त्या दोन रुपयांत कापले जातात. त्या खात्यांत कोण बसतो? आमच्या वर्गांतला, आमच्या कॉलेजांत शिकलेला, रविवारीं पुण्याच्या नाट्यगृहांत शेजारच्या खुर्चीवर भेटणारा सभ्य तरुण. तो दुष्ट नाहीं. त्याला कोणी कधीं बोटाविषयीं विचारलेलेंच नाहीं. त्याच्या परीक्षेंत, त्याच्या पगारवाढींत, त्याच्या वरिष्ठाच्या तक्त्यांत तो रकाना नाहीं. आणि घरीं, जेवतांना, त्याच्या आईबापांनीं, म्हणजे आम्हींच, त्याला तो प्रश्न कधीं केलेला नाहीं.

माल शेडांतून आला कीं त्याच्या कारखान्याचा तपासनीस एक छापील कागद घेऊन पॅलेटापाशीं उभा राहतो. लांबी, रुंदी, फळीची जाडी, खिळ्यांची संख्या, लाकडांतल्या ओलाव्याचें प्रमाण, ओंबीचा शिक्का. प्रत्येकापुढें तो बरोबरची खूण करतो. त्या कागदावर आणखी चार ओळी छापाव्यात: करवतीला पाचर आहे काय, झांकण आहे काय, प्रत्येक मजुराचें विम्याचें कार्ड तो कामाला लागला त्याच तारखेचें आहे काय, मागील खेपेपासून या शेडांत किती बोटें गेलीं. उत्तर खोटें मिळेल म्हणून चिंता करूं नये. ओलावा तो यंत्र लावून पाहतो, तसा शेडांत जाऊन हातही पाहील. ओलाव्याच्या रकान्याखालीं कागदावर पुष्कळ जागा मोकळी असते.